अर्धा व्होल्ट आणि वर चिमूटभर

मला एक सांगा, माणसानं विश्वास ठेवावा तो कुणावर? काट्यावर, मेकॅनिकच्या कानावर, की बायकोच्या पायावर? लगेच उत्तर देऊ नका. मी लगेच दिलं होतं, आणि त्याचं काय झालं तेच सांगायला बसलोय.

मी निवृत्ती. पंचवटीत, रामकुंडाकडे उतरणाऱ्या एका बोळात माझं मनुके-बेदाण्याचं दुकान आहे. सोबत चिवडा आणि खडीसाखर. शाळा सातवीत सुटली (मी सोडली, असं मी म्हणतो, मास्तरांचं म्हणणं जरा वेगळं होतं), पण पुढचं सगळं शिक्षण गिऱ्हाइकांनी पूर्ण केलं. गुजराती मी यात्रेकरूंशी भाव करता करता शिकलो. तेलुगूत मला 'इतकं कमी होणार नाही' एवढं एकच वाक्य येतं, पण ते इतकं सफाईनं येतं की आंध्रातल्या एका आजीबाईंनी मला माझं गाव विचारलं होतं. राहिलेलं ज्ञान आता मोबाईलवरचे व्हिडिओ देतात. पंखा, मिक्सर, गीझर, सगळं मी घरीच दुरुस्त करतो. गीझर आता आमच्याकडे नाही, पण तो विषय वेगळा.

आमच्याकडे एक पांढरी गाडी आहे. पेट्रोलवर चालते, म्हणजे चालायची. कंपनीनं हे मॉडेल बंद करूनही बरीच वर्षं झाली. हिचा एखादा पार्ट मागायला गेलं की दुकानदार आधी 'अजून आहे का ती?' असं विचारतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी करावी तसं. मी मागे एकदा विकायची भाषा केली, तर बायको म्हणाली, "आपली हर्षाली याच गाडीतून सासरी गेली. गाडी विकायची असेल तर आधी मला विचारा." मी विचारलं. ती नाही म्हणाली. विषय संपला.

बायकोचं नाव शुभांगी. ती दुकानात माझ्या शेजारी बसते, पिशव्या बांधते आणि मी बोलण्याच्या भरात कुणाला उधारी देऊ लागलो की घसा खाकरते.

तिची आई म्हणजे आमच्या सासूबाई, ठमाबाई. त्या विंचूरला राहतात, एकट्या. मागच्या वर्षी न्हाणीत त्यांना चक्कर आली. शेजारच्या सिंधुबाईंच्या कानावर हाक जाईपर्यंत त्या तशाच ओल्या फरशीवर बसून होत्या. तेव्हापासून आमच्या घरात सकाळी एक ठरलेला प्रकार असतो. शुभांगी विंचूरला फोन लावते. पलीकडून 'हां, बोल' असा आवाज येईपर्यंत ती चहाच्या कपाला हात लावत नाही. आवाज उशिरा आला तर चहा गार होतो, आणि मग तो मी पितो.

"आई, नाशिकला ये आता," शुभांगी रोज म्हणायची.

"लेकीच्या घरी जाऊन ऱ्हायचं म्हंजी काय? लोकं काय म्हनतील?" ठमाबाई रोज म्हणायच्या.

"लोक काही म्हणत नाहीत आता."

"तुझ्या नाशिकची नसतील म्हनत. इथली लय म्हनत्यात."

असं पुष्कळ दिवस चाललं. शेवटी एकदा शुभांगीनं फारच धरून बसल्यावर ठमाबाईंनी एक अट घातली. म्हणाल्या, "तुझ्या बापानं मला सोता बैलगाडी हाकत ह्या घरात आनली. आता इथनं न्यायची तर तू सोता गाडी हाकत ये. जावयबापूंनी आनलेल्या गाडीत मी बसायची नाय. तू चालवत आली, तर त्याच पायी निघते."

अट घालताना त्यांना खात्री होती. ज्या मुलीला लहानपणी सायकलही आली नाही, ती या वयात मोटार काय चालवणार? पण ही मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी निमाणीजवळच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आली. दोन महिन्यांत लायसन्स हातात. फोटोत ती इतकी रागावलेली दिसते की आरटीओच्या साहेबांनी परीक्षेत फार प्रश्न विचारले नसावेत.

खरी अडचण पुढे आली. स्कूलची गाडी नवी होती, आमची आमची होती. शुभांगीनं सिग्नलला ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजिनाचा आवाज एकदम चढायचा, मग उतरायचा, मग एक खोकला आणि गाडी बंद. मागून रिक्षावाले हॉर्न द्यायचे. मी शेजारी बसून शिकवायचो. माझी शिकवण्याची पद्धत साधी आहे.

"क्लच."

"दाबलाय."

"अगं, क्लच."

"अहो, दाबलाय म्हणतेय ना."

"मग उशिरा दाबला असशील. आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलू नकोस. हळू उचल."

मालेगाव स्टँडच्या चढावर एकदा गाडी बंद पडली, आणि ती पुन्हा सुरू करीपर्यंत आमच्या मागे एक सिटी बस, दोन टेम्पो आणि एक लग्नाची मिरवणूक थांबली. मिरवणुकीतल्या बँडवाल्यांनी वेळ जावा म्हणून तिथंच एक गाणं पूर्ण वाजवलं. घरी येईपर्यंत शुभांगी एक शब्द बोलली नाही. रात्रीच्या भाजीत मीठ बरोबर होतं, तेव्हाच मला कळलं की ती रागावलेली नाही, खचलेली आहे. (रागावली की मीठ वाढतं.)

दुसऱ्या दिवशी गाडी मी चालवायला घेतली, पद्धत दाखवायला. बोळातून बाहेर आलो, भाजीबाजाराशी वळलो, पाय काढला. आवाज चढला, उतरला, एक खोकला. बंद. शुभांगी शेजारी बसून खिडकीबाहेर मेथीच्या जुड्या बघत होती. तिनं मान न वळवता फक्त म्हटलं,

"क्लच."

त्याच आठवड्यात ठमाबाईंचा फोन आला. कुठून तरी त्यांच्या कानावर लेकीच्या लायसन्सची बातमी गेली होती. म्हणाल्या, "येत्या रविवारी ये. मी वट्यावर बसून ऱ्हाते. पन एक सांगते, गाडी वाटंत नायतर माझ्या दारात बंद पडली, तर समजायचं की द्येवाच्याच मनात नाय. मंग पुन्यांदा हा विषय काढायचा नाय."

शुभांगी 'हो' म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं तिनं माझ्याकडे दोनदाच पाहिलंय. एकदा हर्षालीच्या वेळी दवाखान्याच्या दारात, आणि एकदा आता.

मी गाडी घेऊन भिकाकडे गेलो. भिका आडगाव नाक्यावर मेकॅनिक आहे. त्यानं बॉनेट उघडलं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं, आणि डोळे मिटून उभा राहिला. मला वाटलं झोपला.

"शेठ," तो म्हणाला, "थ्रॉटलचा सेन्सर."

"म्हणजे काय?"

"तुमचा पाय किती दाबलाय, हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा मुनीम समजा. हा इथं, काळी डबी. तो पाहिजे ते आकडे सांगतोय. पाय काढला तरी कधी म्हणतो काढला, कधी म्हणतो नाही. कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल द्यायचं का नाही याच गोंधळात. बाईंचा काही दोष नाही."

"नवा टाक मग."

"या गाडीचा नवा? शोधायला मुंबई गाठावी लागेल. पण हा मेलेला नसावा, नुसता जागचा हललाय. मीटर लावून बघायचं. पाय काढला की अर्धा व्होल्ट, पूर्ण दाबला की साडेचारच्या आसपास, आणि मध्ये आकडा कुठं तुटायला नको. दोन स्क्रू ढिले करायचे, डबी जराशी फिरवायची, अर्ध्यावर आली की आवळायचे. झालं."

"मग कर की."

"सोमवारी आणा. लग्नाच्या गाड्या उभ्यात." त्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुढं म्हणाला, "आणि शेठ, तुम्ही करू नका."

हे शेवटचं वाक्य त्यानं आजूबाजूच्या कुणाला तरी उद्देशून म्हटलं असावं, असं मी धरून चाललो.

घरी येऊन शुभांगीला सांगितलं. ती लसूण सोलत होती.

"भिका काय म्हणाला, परत सांगा."

"थ्रॉटलचा सेन्सर हललाय."

"त्याच्या पुढचं."

"दोन स्क्रू असतात."

"त्याच्या आधीचं."

"बाईंचा काही दोष नाही."

"हं," ती म्हणाली. मग उठून तिनं चहा टाकला, आणि त्यात आलं इतकं किसलं की शेजारच्या खोलीत मला शिंक आली.

मी म्हटलं, आपण मल्टिमीटर आणू, घरीच करू. तिनं गीझरचं नाव काढलं नाही, हा तिचा मोठेपणा.

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही दोघं कामाला लागलो. गाडी बोळाच्या तोंडाशी. बॉनेट उघडं. मीटरची काळी वायर इंजिनाच्या धातूला लावली. लाल वायरचं टोक जाड, सेन्सरच्या मधल्या वायरीपर्यंत पोचेना. व्हिडिओतल्या माणसाकडे त्यासाठी खास बारीक सुई होती. आमच्याकडे शुभांगीच्या पदराची सेफ्टी पिन होती. ती वायरीच्या मागच्या बाजूनं अलगद आत सरकवली, तिला लाल टोक टेकवलं, आणि मीटरवर आकडे उमटले. मला इतका आनंद झाला की येणाऱ्या-जाणाऱ्या दोघांना मी थांबवून दाखवले. त्यातला एक पुजारी होता. त्यानं आकड्यांना नमस्कार केला की मला, ते समजलं नाही.

अडचण एकच होती. मी पुढे बॉनेटखाली, शुभांगी आत सीटवर. मधे ते उघडं बॉनेट. एकमेकांचं तोंड दिसत नाही, फक्त आवाज. संसाराला ही व्यवस्था फार वाईट नाही, असं मला त्या सकाळी वाटलं.

"किल्ली फिरव. गाडी चालू करू नको, नुसते दिवे लागेपर्यंत."

"लागले."

"पाय काढ."

"ठेवलाच कुठंय?"

"मग आता दाब. हळू. अजून हळू. पोळी लाटतेस ना, तशी."

"पोळी मी पायानं लाटत नाही."

"अगं, तसा हलका हात म्हणतोय. हात म्हणजे पाय."

"आधी ठरवा तुम्ही."

पण तिनं दाबला, आणि काय सांगू, आकडा असा चढत गेला, एक, दीड, दोन, तीन, कुठं धक्का नाही, कुठं तुटणं नाही, थेट साडेचारच्या जवळ. मी ओरडून आकडे वाचत होतो, दुकानात वजन वाचतो तसे. माझ्या लक्षात आलं, इतका सावकाश, इतका एकसारखा पाय माझासुद्धा पडत नाही. मी ते मोठ्यानं म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "बरं आहे."

म्हणजे डबी जिवंत होती. पण पाय काढला की आकडा कधी पॉइंट दोन, कधी पॉइंट तीन, पुन्हा दोन. मी डबीला बोट लावलं तर ती खिळखिळी. स्क्रू सैल होते, एवढंच. इतके दिवस त्या दोन सैल स्क्रूंची शिक्षा माझी बायको भोगत होती.

मी स्क्रू आणखी थोडे ढिले केले आणि डबी फिरवायला सुरुवात केली. पॉइंट तीन. पॉइंट चार. पॉइंट साडेचार. पॉइंट पाच.

"पॉइंट पाच," मी ओरडलो.

"झालं मग?"

"झालंच."

आता इथं मला तुम्हाला आमच्या दुकानाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. माझे वडील काटा बरोबर आला की थांबायचे नाहीत. वरून चिमूटभर बेदाणे टाकायचे, म्हणजे पारडं गिऱ्हाइकाकडे झुकायचं, आणि मगच कागदात ओतायचे. तो हात माझ्यात उतरलाय. आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, तो झुकत नाही, लाल आकडे दाखवतो, तरी माझी चिमूट आपोआप डब्यात जाते. अगदी बरोबर वजन दिलं की मला कुणाचं तरी काही काढून घेतल्यासारखं वाटतं.

त्या बॉनेटखाली वाकलेलो असताना माझ्या मनात तेच आलं. अर्धा व्होल्ट म्हणजे नेमकं माप. नेमकं माप परक्याला ठीक. पण आत बसलेली बाई उद्या आयुष्यात पहिल्यांदा शहराबाहेर गाडी काढणार आहे, आणि रस्त्याच्या टोकाला तिची आई ओट्यावर बसलेली असणार आहे. तिला नेमकंच द्यायचं? वर चिमूटभर टाकलं, तर गाडीला वाटेल पाय थोडासा ठेवलेलाच आहे. ती जराशी जास्त पेट्रोल पीत राहील आणि बंद पडायची नाही. शुभांगीला सांगायचंही नाही. सांगितलं की देण्याची मजा जाते.

मी श्वास रोखला आणि डबीला बोट लावलं. लावलं न लावलं तोच आकडा पॉइंट सहाच्या वर. माझ्या हाताच्या हलकेपणाचं मलाच नवल वाटलं. पटापट दोन्ही स्क्रू आवळले आणि पिन काढून घेतली.

"किल्ली बंद कर."

"कितीवर ठेवलंत?" आतून आवाज आला.

"अर्धा," मी म्हणालो. (खोटं बोलताना मी कमी शब्द वापरतो.)

"बरं," ती म्हणाली.

गाडी चालू केली. आवाज चढला नाही, उतरला नाही, खोकला नाही. नुसती गुणगुणत राहिली. मी बॉनेट लावून हात पुसले आणि जगातल्या सगळ्या नवऱ्यांकडे थोड्या दयेनं पाहिलं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. शुभांगी स्टिअरिंगवर, मी शेजारी. नांदूर नाक्यावर पहिली परीक्षा. सिग्नल लाल. तिनं पाय काढला. मी दोन्ही हातांनी सीट धरली. गाडी गुणगुणत राहिली. सिग्नल हिरवा झाला, गाडी निघाली. शुभांगीनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. माझाही तिला आला असणार.

चांदोरीपर्यंत ती खालचा ओठ दातात धरून, पाठ सीटपासून सुटलेली, समोर असं बघत होती जणू रस्ता कुणीतरी काढून घेईल. मी बाहेर बघत होतो आणि आतून सुखावत होतो. गाडी नीट चालली की मनात म्हणायचो, ही माझी चिमूट. निफाडला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. थांब, निघ, थांब, निघ. ती एका ट्रॉलीच्या मागे इतकी अलगद थांबली की वर बसलेला माणूस जांभई देता देता थांबून बघत राहिला. मला तिचा खांदा थोपटावासा वाटला. मग वाटलं, हे सगळं माझ्यामुळेच चाललंय, तर शाबासकी कुणाला द्यायची? म्हणून राहिलो.

विंचूरला ठमाबाई खरंच ओट्यावर बसलेल्या होत्या. गाडी अंगणात आली, थांबली. शुभांगीनं पाय काढला, पण किल्ली बंद केली नाही. तशीच बसून राहिली. आईनं तो आवाज ऐकावा म्हणून. गाडी गुणगुणत होती. पलीकडे सिंधुबाई दारात येऊन उभ्या.

ठमाबाई उठल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, माझ्यापाशी आल्या.

"जावयबापू, खाली उतरा."

मी उतरलो.

"शुभे, आता तू एकलीच चालव. पार मारुतीच्या पारापत्तोर जा, अन् ये. मला बघू दे, हे मधी बसून काय करत्यात का ते."

शुभांगीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती गेली. मी आणि सासूबाई अंगणात उभे. पांढरी गाडी वळणावर दिसेनाशी झाली, आणि एकदम सगळीकडे शांत वाटायला लागलं. मला तो वेळ फार लांब वाटला. ठमाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मी म्हटलं, "येईल हो आई, गाडी चांगली केलीय मी." गाडीचा आवाज पुन्हा आला, तेव्हा त्यांनी पदर सोडला आणि सरळ घरात गेल्या.

मला वाटलं, आता रडत असतील, जाऊ द्यावं. पण त्या बाहेर आल्या ते हातात पिशवी घेऊनच. पाठोपाठ सिंधुबाई एक गाठोडं आणि बाजरीचं पोतं ओढत. सगळं आधीच बांधून ठेवलेलं होतं.

"आई, कधी बांधलं हे?" शुभांगीनं विचारलं.

"तू हो म्हनली त्या दिशी."

"आणि मग ती देवाची अट?"

"द्येवाला काय कळतंय गाडीतलं," ठमाबाई म्हणाल्या. "अन् हे बघ, बाजरी माझी मी आनलीय. जावयाच्या घरचं फुकट खायची नाय मी."

एवढं बोलून त्या पुढच्या सीटवर, शुभांगीच्या शेजारी, जाऊन बसल्या. मला मागे बाजरीच्या पोत्याजवळ जागा झाली. गाठोड्यात लसूण होता, हे मला निफाडपर्यंत कळत गेलं.

परतीच्या वाटेवर ठमाबाई रस्ता बघत नव्हत्या, लेकीचे हात बघत होत्या. चांदोरीच्या अलीकडे म्हणाल्या, "तुझा बाप बैलाला लय हानायचा. तू गाडीला मारत नाय. बरं चालवती."

आरशात मला शुभांगीचे डोळे दिसले. मी पोत्याकडे तोंड केलं.

आता ठमाबाई आमच्याकडे आहेत. सकाळचा चहा आमच्या घरात गरम पितात सगळे. शुभांगी गाडी घेऊन बाजारात जाते, पिंपळगावला माल आणायला जाते, आईला दवाखान्यात नेते. आणि मला मात्र आतून टोचायला लागलं. बायको इतकी पक्की झालीये, आणि मी दिलेली ती चिमूट अजून गाडीत आहे. पेट्रोलही उगाच जळत असणार. एके दिवशी दुपारी मी ठरवलं, आता माप सरळ करायचं, आणि तिला सगळं सांगून टाकायचं.

बॉनेट उघडलं. मीटर लावला, पिन लावली. शुभांगी आत बसली. ठमाबाई दारात खुर्चीवर, वांगी चिरत.

"पाय काढ," मी म्हणालो. आणि मीटर बघितला. पॉइंट पाच शून्य.

मी पिन हलवली. पॉइंट पाच शून्य. मीटरमधला सेल बदलून आणला. पॉइंट पाच शून्य. भिकानं केलं असतं तरी इतकं नेमकं झालं नसतं.

"शुभांगी," मी बॉनेटमागून म्हटलं, "तुला एक सांगायचंय. त्या दिवशी मी अर्धा म्हणालो, तो अर्धा नव्हता. वर चिमूटभर ठेवलं होतं. तुझ्यासाठी. आता ते कुठं गेलं, कळत नाही."

आत किल्ली बंद झाली. मग आवाज आला. "ते मी ठेवूच दिलं नव्हतं."

"म्हणजे?"

"तुम्ही पॉइंट पाच म्हणून ओरडलात. झालं का विचारलं, तर 'झालंच' म्हणालात आणि गप्प झालात. दुकानात काटा बरोबर आल्यावर तुम्ही असेच गप्प होता. मला कळलं, आता चिमूट जाणार. मी पायाचा अंगठा टेकवला. आकडा वर गेला, तुम्हाला वाटलं तुमच्या हातानं गेला. तुम्ही आवळलंत, आणि मी अंगठा उचलला."

मी बॉनेट खाली केलं, तेव्हा तिचा चेहरा दिसला. ती हसत नव्हती.

"अगं, पण मी तुझ्या भल्यासाठी करत होतो."

"माहीत आहे मला. पण आईनं मला चालवत ये म्हटलं होतं. तुमच्या चिमटीवर नेऊन आणलं असतं, तर तिला मी आणलं असं मला कधी वाटलं नसतं."

मला निफाडचे ते ट्रॅक्टर आठवले, ती ट्रॉली, ती न दिलेली शाबासकी. ती खाली उतरली, माझ्या गालाला लागलेलं ऑइल पदरानं पुसलं आणि म्हणाली, "पण ठेवणार होतात ना. तेवढं आलं माझ्यापर्यंत."

मी जरा सावरतोय, तोच दारातून ठमाबाईंचा आवाज आला.

"शुभे, गाडी चालवली तू. माप बी तूच धरलं. मंग जावयबापूंनी काय केलं?"

शुभांगीनं माझ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला, आणि प्रेमानं म्हणाली, "त्यांनी आकडे वाचले, आई. मोठ्यानं."

तर मंडळी, ही गोष्ट तुम्ही पुढे कुणाला सांगाल, आणि सांगालच, कारण माझ्या दुकानात ऐकलेली गोष्ट कुणी पोटात ठेवत नाही. तेव्हा एक विनंती आहे. हिशोब प्रामाणिक ठेवा. विंचूरचा रस्ता शुभांगीच्या नावावर लिहा, अर्धा व्होल्टही तिच्याच. माझ्या नावावर गाडीची मागची सीट लिहा. तीही पूर्ण लिहू नका, अर्धीच लिहा. उरलेल्या अर्धीवर सासूबाई आता दर फेरीला काही ना काही ठेवतात, आणि ते सरकवायला मला परवानगी नाही.